मुसळांचा आवाज

दरवर्षी एप्रिल अर्धा झाला की आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. मागच्या गावठाणातून येणाऱ्या मिरचीच्या धुराचा त्रास होतो, सभासदांनी दुपारी बारा ते चार खिडक्या बंद ठेवाव्यात, कमिटी संबंधितांशी बोलत आहे. कमिटी कोणाशीही बोलत नाही. गावठाण इथे कधीपासून आहे ते कुणालाच माहीत नाही आणि आमची बिल्डिंग आत्ता आत्ता उभी राहिली, तेव्हा कुणी कुणाशी काय बोलायचं हा प्रश्नच आहे. मी मात्र त्या चार तासांत स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडतो. बायको ठसकते, मला नाही नाही ते बोलते आणि बेडरूमचं दार लावून बसते. मी ओट्याला टेकून उभा राहतो. डोळ्यांतून पाणी येतं ते मिरचीचंच, असं म्हणायची सोय असते.

हे गावठाण अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. चौथ्या मजल्यावरून त्यातलं निम्मंशिम्मं मला अजून दिसतं. विहीर दिसते, क्रूस दिसतो, दोन आंबे दिसतात आणि एक कौलारू घर दिसतं, ज्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. आम्ही मालवणकडचे. घरमालकीण मॅगी आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ख्रिस्ती बाई. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, रेमी. माझ्या आईचं आणि तिचं वर्षातून दोनदा भांडण व्हायचं, एकदा पाण्यावरून आणि एकदा मसाल्यावरून. आई म्हणायची, आमच्या मालवणी मसाल्यापुढे तुमचा बाटलीतला मसाला म्हणजे नुसता रंग. मॅगी आंटी त्यावर काही बोलायची नाही. मे महिन्याच्या शेवटी एक बाटली आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवायची, आणि जूनमध्ये आई तो मसाला गुपचूप बांगड्याच्या कालवणात घालायची.

बाटली मसाला हे त्या लोकांचं वर्षाचं सगळ्यात मोठं काम. मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, गहू, चणे आणि मला नावं न येणारे वीसेक जिन्नस अंगणात चटयांवर वाळत पडायचे. मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. मिरच्यांची पाळी आली की अख्खी गल्ली खोकत असे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. भाजून झालं की वसईकडून कुटणाऱ्या बायका यायच्या. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला असायचा. तीन बायका एका उखळाभोवती उभ्या राहत आणि डोक्यापेक्षा उंच मुसळं पाळीपाळीने टाकत. एकीचं वर असताना दुसरीचं मधे आणि तिसरीचं खाली. मुसळाला मुसळ कधी लागायचं नाही. सुरुवातीला आवाज कोरडा आणि जलद असे. मसाला बारीक होत गेला की तो मऊ होई, आणि मुसळंही हळूहळू संथ होत. शेवटी मॅगी आंटी तो मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत भरायची, काठीने ठासून ठासून, आत हवा राहू नये म्हणून.

आता मुसळं गेली. मिरच्या अजून घरी भाजतात, पण कुटायला गिरणीत नेतात. त्यामुळे खिडकी उघडली की धूर तेवढा येतो, आवाज येत नाही. तो आवाज मी स्वतः एकदा मोठ्या मेहनतीने काढून टाकला होता, त्याचीच ही गोष्ट म्हणा हवं तर. गोष्ट म्हणण्याइतकं त्यात काही घडत नाही. एक माणूस गिटार वाजवतो आणि दुसरा ती सुधारत बसतो.

बाबांची कापडगिरणी बंद पडून दोनेक वर्षं झाली होती. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं. मी आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिकचा कोर्स करून स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो आणि स्वतःला इंजिनियर समजत होतो. रेमी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, बावीस-तेवीसचा. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेस चालवायचा. दिवसभर पत्र्याच्या वाट्यांना भोकं पाडायची, संध्याकाळी अंगणात दगडी बाकावर बसून गिटार वाजवायची. चर्चच्या कॉयरमध्ये शिकला होता. गाणी तो फारशी वाजवायचा नाही. त्याच्या स्वतःच्या धुना असत, त्यांना शब्द नसत, नावंही नसत. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो वाजवायला लागला की हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवावीशी वाटायची. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याला काय मी सांगायचं, असं वाटायचं. शिवाय आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. "बरं वाजवतोस रे," एवढ्यावर भागायचं.

कॉयर चालवणारे फ्रान्सिस सर गोरेगावच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायला जायचे. त्यांनीच एकदा चर्चमधल्या मासनंतर रेमीला बाजूला घेतलं. म्हणाले, गाण्यांचं वाद्यसंगीत बसवणाऱ्या एका अरेंजरला नवीन गिटारवाला हवाय, तू एक कॅसेट करून दे, मी ऐकवतो. मे संपायच्या आत दे. रेमी तिथून थेट आमच्या खोलीत आला. बूटही काढले नव्हते.

"दिगू, तुला रेकॉर्डिंग करता येतं?"

"येतं म्हणजे काय? माझं कामच आहे ते."

माझं काम बिघडलेले टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचं होतं. त्यात नवं काही भरायचं कसं, याचा मला अजिबात अनुभव नव्हता. पण त्या वयात नाही म्हणता येत नाही. मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला चार भोकं पाडली, चार बटणं बसवली आणि त्याला मिक्सर म्हणालो. एक टेपरेकॉर्डर आमचा होता, दुसरा दुकानात दुरुस्तीला आलेला होता. त्याचा मालक मे महिन्यासाठी गावी गेला होता. रेमीच्या चुलतभावाने कुवेतहून आणलेल्या दोन कोऱ्या कॅसेट होत्या, एक निळी, एक लाल. इथल्या कॅसेट खरखरतात, या दोन सोडून दुसऱ्या वापरायच्या नाहीत, असं आमचं पक्कं ठरलं. सगळी माती तिथेच झाली, पण ते पुढे.

त्याला सुट्टी गुरुवारी असायची. एप्रिलमधल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी आम्ही बसलो. आमच्या खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या लावल्या, खिडकीत चादर कोंबली. आत भट्टी झाली होती. रेमी बनियनवर, घाम गिटारवर ठिबकतोय, समोर स्टुलावर माईक. आधी निळ्या कॅसेटवर त्याने नुसते कॉर्ड वाजवले, ताल न धरता, एकेक लांब सोडलेला. मग निळी चालू करून तिचा आवाज त्याच्या एका कानात इअरफोनने दिला, आणि तो वरची धून वाजवू लागला. दोन्ही मिळून माझ्या डब्यातून लाल कॅसेटवर उतरत होतं. म्हणजे लाल कॅसेटवर एकट्या रेमीच्या दोन गिटारी. आम्हाला दोघांनाही हा चमत्कार वाटत होता.

आणि नेमका त्याच दुपारी मॅगी आंटीच्या घरचा कुटायचा दिवस होता. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. कॉर्ड झाले तोवर बायका जेवत होत्या, अंगण शांत होतं. आम्हाला वाटलं, तेवढ्यात धूनही होऊन जाईल. त्याने पहिला सूर लावला आणि भिंतीपलीकडे मुसळं सुरू झाली. मी हात करून त्याला थांबवणार होतो. पण तो डोळे मिटून वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडून तसं वाजवणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी हात खाली घेतला. मधे आंटीला मिरचीचा ठसका लागला, तोही भिंतीतून आला. धून पुढे जात राहिली, शेवटाकडे संथ होत गेली, शेवटचा कॉर्ड खोलीत कितीतरी वेळ राहिला. त्या धुनेला नाव नव्हतं. लाल कॅसेटवर मी निळ्या पेनाने "रेमी १" लिहिलं. रेमी २ होणार याची दोघांनाही खात्री होती.

संध्याकाळी ऐकलं तर गिटारीच्या मागे सतत धम्, धम्, धम्. मला लाज वाटली. माझ्या इंजिनियरिंगची लाज. स्टुडिओतला माणूस हे ऐकून काय म्हणेल? "तू झोप," मी रेमीला म्हणालो, "हे मी काढतो." दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी लालवरून निळीवर कॉपी केली आणि डब्यातून जाताना खालचा जाड आवाज कापून टाकला. मुसळं गेली. गिटारीचं अंगही थोडं गेलं, ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण मुसळं गेल्याचा आनंद मोठा होता. मूळ रेकॉर्डिंग तेव्हा लाल कॅसेटवर जसंच्या तसं होतं. हे मी आजही स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. तेव्हा ते होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रेमीचा हात प्रेसमध्ये आला. डावा हात. मधली दोन बोटं मुळापासून गेली. ज्या हाताने तारा दाबायच्या तो हात. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. मॅगी आंटीने त्या दिवशी दुसऱ्या खेपेसाठी चटईवर घातलेल्या मिरच्या तशाच टाकल्या आणि हॉस्पिटलात धावली. माझ्या आईने त्या गोळा केल्या, निवडल्या, उन्हं उतरल्यावर झाकून ठेवल्या. त्या वर्षी दोघींचं मसाल्यावरून भांडण झालं नाही.

सहा दिवसांनी तो घरी आला. हाताला नारळाएवढं बँडेज. दगडी बाकावर बसला आणि मी समोर जाऊन उभा राहिलो.

"कॅसेट कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आहे की."

"लाव."

मी निळी लावली. त्याने मान खाली घालून पूर्ण ऐकली. मला वाटलं हा आता रडेल. तो म्हणाला, "वरची गिटार मागे गेलीय रे. पुढे आण ना जरा."

त्याला काहीतरी हवं होतं आणि ते माझ्या हातात होतं, यापुढे मला दुसरं काही दिसलं नाही. दुपारी मी निळी एका मशीनमध्ये घातली, लाल दुसऱ्यात, आणि निळीवरून लालवर कॉपी करायला लागलो, आवाजाची धार वाढवून. कशावर काय चढवतोय हे मला पुरतं ठाऊक होतं. मी चहा पीत होतो. सुधारलेलं हाताशी असताना कच्चं कशाला ठेवायचं, असा माझा हिशेब होता. दुकानात आम्ही तेच करायचो, नवा पार्ट टाकला की जुना भंगारात. चार-पाच मिनिटांत काम झालं. शेवटचा कॉर्ड संपला तसं मी बटण दाबून मशीन थांबवलं.

धार वाढवल्यावर गिटार पुढे आली, पण तिच्याबरोबर सूंऽऽ असा आवाजही आला. तो कमी करायला तिसरी कॉपी. तीत गिटारच दबली. मग चौथी. लालवरून निळी, निळीवरून लाल. रेमी बाकावर बसून सांगायचा आणि मी करायचो. त्याचा कान फार तयार होता. "कॉर्ड कमी कर, धून तेवढीच ठेव," असं तो म्हणायचा, आणि मी "बघतो" म्हणायचो. बघण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही गिटारी एकदा एकत्र झाल्यावर वेगळ्या करता येत नव्हत्या. कुटलेल्या मसाल्यातून हळद परत काढून दे, असं मॅगी आंटीला सांगण्यातला प्रकार. प्रत्येक कॉपीत थोडं काहीतरी कमी होत होतं आणि ते मला ऐकू येत होतं. पाचव्या वेळी तर पातेल्यावर झाकण ठेवून आत कुणी वाजवतंय असं वाटायला लागलं. तरी मी थांबलो नाही, तोही थांबला नाही. आता वाटतं, कारण साधं होतं. जोवर कॅसेट सुधारायची राहिली होती तोवर त्याचं वाजवणं संपलेलं नव्हतं. आम्ही दोघं मिळून ते लांबवत होतो.

एकदा आई चिडली. "त्या झिलाचो हात गेलो, आणि तू ह्यां डबडां घेऊन बसलंस?"

"त्यालाच पाहिजे गे आई."

"त्याका काय व्हया ता तुका कळता?" ती म्हणाली आणि आत गेली.

सातवी कॉपी निळीवर झाली. ती फ्रान्सिस सरांना दिली. आता तिचा उपयोग काय, असं सरांच्या तोंडावर होतं, पण रेमी म्हणाला, "ऐकू दे तरी सर. मी वाजवलं होतं एवढं कुणाला तरी कळू दे."

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर कॅसेट परत घेऊन आले. पाऊस आला नव्हता, अंगणात मसाल्याच्या रिकाम्या चटया अजून पसरलेल्या होत्या. सर बसायला तयार नव्हते. उभ्या उभ्याच म्हणाले, "रेकॉर्डिंग फार दबलेलं आहे म्हणाला तो अरेंजर. आणि..."

"बोला ना सर."

"मुलगा लय सोडतो, म्हणाला. पुढे पुढे संथ होत जातो. स्टुडिओत ते चालत नाही."

रेमीने आपल्या बँडेजकडे पाहिलं आणि हसला. "मग बरंच झालं की सर. सुटलो."

आणि मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रेमीने लय सोडलीच नव्हती. त्या दुपारी तो मुसळांना धरून वाजवत होता. मसाला बारीक होत गेला, बायकांचे हात संथ झाले, आणि तो त्यांच्याबरोबर संथ होत गेला, अगदी मुसळाला मुसळ लागू न देता वाजवावं तसा. म्हणून ते तसं झालं होतं. मी मुसळं काढून टाकली आणि मागे एक माणूस राहिला, जो विनाकारण हळू होत जातो. ऐकणाऱ्याची काही चूक नव्हती. लाल कॅसेटवरचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण ते मी पुसलं होतं.

सर गेल्यावर रेमी म्हणाला, "पहिलं आहे ना रे तुझ्याकडे? मुसळांवालं?"

"आहे ना. माळ्यावर टाकलंय."

इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याने ते ऐकायला मागितलं नाही. "ठेव सांभाळून," एवढंच म्हणाला. ऐकायचं धैर्य त्याच्यात नसावं. नसलेलं बरं, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

पुढचं आयुष्य चारचौघांसारखं. शेडच्या मालकाने रेमीला स्टोअरकीपर म्हणून ठेवून घेतलं. गिटार कॉयरला गेली. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, रोझान. मी स्वतःचं दुकान टाकलं, टीव्ही दुरुस्त केले, मग मोबाईल, मग डोळे अधू झाले. मॅगी आंटी गेली. आमच्या खोल्या सोडून आम्ही बोरिवलीला गेलो आणि बिल्डिंग झाली तेव्हा पुन्हा इथेच आलो. बायको विचारते, याच खिडकीचा हट्ट का धरलास? मी सांगतो, स्वस्तात मिळाला फ्लॅट.

दरवर्षी मे महिन्यात रेमी मला एक बाटली देतो. आधी आंटी द्यायची, मग तो. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तपकिरी बाटली हातात देताना दरवर्षी एकच वाक्य. "पहिलं सांभाळून ठेवलंयस ना?" मी हो म्हणतो. चाळीसेक बाटल्या झाल्या असतील. आणि लग्नाबिग्नात कुणी म्हणालं, रेमी काय सुंदर गिटार वाजवायचा, की तो हात झटकतो. "छे रे, आपण लय सोडणारे लोक." लोक हसतात, तोही हसतो. त्या हसण्याला मी वर्षानुवर्षं एक नाव देत आलो. मी म्हणायचो, हेच त्याच्यासाठी चांगलं आहे. आपण काही मोठे वाजवणारे नव्हतो असं वाटलं तर बोटांचं दुःख कमी होतं. हा विचार मी इतक्या वेळा केला की तो मला खराच वाटायला लागला होता.

या वर्षी नोटीस लागली त्याच दिवशी रोझान आली. ती गोरेगावला एका डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करते. तिला लहानपणापासून ही माळ्यावरची कॅसेट माहीत.

"अंकल, ती द्या ना मला. आता सगळं साफ करता येतं."

"फार खराब आहे गं ती. मागे मुसळं आहेत, खोकला आहे."

"असू दे ना. कितीही कचरा असू दे. कचरा काढता येतो आता. फक्त फर्स्ट रेकॉर्डिंग पाहिजे. एकदा उडालेलं असेल तर ते नाही आणता येत."

मी माळ्यावर चढलो. पत्र्याच्या मिक्सरमध्येच ती लाल कॅसेट होती, माझ्या अक्षरात "रेमी १" लिहिलेली. तिच्यावर आता सहावी कॉपी होती. त्या मे महिन्यानंतर मी ती कधी लावली नव्हती. खाली उतरून सांगायला हवं होतं. मी धूळ पुसून तिच्या हातात दिली. लेबलावर लिहिलेलं तर खोटं नव्हतं, असलं काहीतरी डोक्यात आलं. साठी ओलांडलेल्या माणसाने विचार करावा असं ते नव्हतं.

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी तिने मला खाली बोलावलं. तोच दगडी बाक. अंगणात चटईवर मिरच्या, रेमी खुर्चीत बसून देठ काढतोय, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चिमट्यासारखी वापरून. रोझानने स्टुडिओतून आणलेलं मशीन स्पीकरला जोडलं. मी घरी जायचं काही निमित्त शोधत होतो. ते सापडायच्या आत तिने बटण दाबलं.

पातेल्याच्या झाकणाखालची ती गिटार सुरू झाली. रेमीने जेमतेम दहा सेकंद ऐकलं.

"हे नाही. हे सुधारलेलं आहे. पहिलं लाव."

रोझानने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. बहुतेक स्टुडिओतच ऐकून कळलं असणार, फक्त तिने ते मला बोलायला ठेवलं होतं.

"रेमी," मी म्हणालो, "पहिलं नाहीये."

"म्हणजे?"

"त्याच्यावरच सुधारलं रे मी. तू हॉस्पिटलातून आलास त्याच दिवशी पुसलं."

"आणि माळ्यावर..."

"माळ्यावर हेच होतं."

मशीन कुणी थांबवलं नाही. ती दबलेली धून आमच्यामधून शेवटपर्यंत गेली, संथ होत होत, आणि शेवटचा कॉर्ड वाजला. मग टक् असा आवाज झाला. चाळीसेक वर्षांपूर्वी मी कॉपी करताना बटण दाबून थांबवलं होतं तो आवाज. त्याच्यापुढच्या टेपवर मी कधी काही चढवलंच नव्हतं. हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

झाकण निघालं. लख्ख, स्वच्छ आवाजात अंगणात मुसळं पडू लागली. धम्, धम्, धम्, मऊ, संथ, मसाला अगदी बारीक होत आल्यावर पडतात तशी. मॅगी आंटी खोकली. खुर्ची करकरली. मग बावीस वर्षांचा रेमी म्हणाला, "कसं झालं रे दिगू?" आणि माझा आवाज, केवढा आगाऊ आवाज, म्हणाला, "बरं झालं. ते मागचं कुटणं तेवढं काढून टाकतो, मग झकास होईल." तिथे रेकॉर्डिंग संपलं.

"परत लाव," रेमी म्हणाला.

तिने परत लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर मुसळांबरोबर पडू लागली, आणि तो तोंडातल्या तोंडात ती धून गुणगुणायला लागला, शेवटचा भाग, जिथे ती हळू होते. मुसळाला मुसळ लागलं नाही. गुणगुणता गुणगुणता तो मधेच थांबला.

"लय सोडली नव्हती मी."

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"फ्रान्सिस सर येऊन गेले तेव्हाच."

त्याने एक मिरची उचलली, देठ तोडला, टोपलीत टाकली. अजून एक. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो रे, बोटं गेली, पण त्या बोटांत तसं काही नव्हतं."

मी सॉरी म्हणालो की नाही मला आठवत नाही. म्हणालो असेन. रोझान वायरी गोळा करत होती. थोड्या वेळाने रेमी उठला, घरात गेला आणि या वर्षीची पहिली बाटली घेऊन बाहेर आला, दरवर्षीसारखी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती त्याने माझ्या हातात दिली. मी उभा राहिलो, सवयीने, त्याच्या प्रश्नाची वाट बघत. त्याने काही विचारलं नाही. वळला आणि चटईवरच्या मिरच्या उलट्या करायला लागला.